झाडावरून उतरलेला जीव

कोंबडीला अंधारात दिसत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण त्याचा पुरता अर्थ लक्षात यायला बराच काळ जावा लागतो. दिवसा तिची नजर आपल्याहून सरस. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, तिच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. अतिनील प्रकाशही तिला दिसतो. वाळक्या पानाआडचा इवलासा किडा ती चालता चालता टिपते. आणि हीच कोंबडी दिवस मावळला की दांडीवर चढून बसते, उजेड पुरता गेला की तिथेच खिळते. अंधारात हात घालून तिला उचललं तरी ती फारशी झटापट करत नाही. कोंबड्यांची जागा बदलायची असेल तर रात्री बदला, असं जाणती माणसं सांगतात ते यामुळेच. आपल्याला जे सोयीचं, ते रानमांजराला आणि कोल्ह्यालाही तेवढंच सोयीचं असतं.

तिचा पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलांतला लाल रानकोंबडा. रात्रीच्या या आंधळेपणावर त्याने फार जुना तोडगा काढलेला आहे. उजेड आहे तोवर झाडावर चढायचं, फांदीवर रात्र काढायची आणि नीट दिसायला लागल्यावरच खाली उतरायचं. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथल्या उत्खननात मिळालेली कोंबड्यांची हाडं इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली आहेत आणि खात्रीने पाळीव म्हणता येतील अशी ती सर्वांत जुनी हाडं आहेत, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन सांगतं. त्या संशोधकांच्या मते रानकोंबडा माणसाजवळ आला तो दाण्यामुळे. भाताची आणि भरडधान्याची शेती सुरू झाली, दाणे सांडू लागले, साठवले जाऊ लागले, आणि हा झाडावरचा पक्षी माणसाच्या पायाशी वावरू लागला. पुढे माणसाने त्याचं अंग जड केलं, अंडी वाढवली, उडणं कमी केलं. झाडाच्या जागी खुराडं आलं.

मला हा व्यवहार फार गंभीर वाटतो. रात्री निसटून जायची जी एक वाट तिच्याकडे होती ती आपण काढून घेतली आणि बदल्यात चार भिंती दिल्या. त्या भिंती पक्क्या नसतील तर कोंबडी फांदीवर होती त्याहून वाईट जागी आहे, कारण फांदीवरून निदान खाली झेप तरी घेता येते. खुराड्यात शिरलेला शिकारी आपला स्वभाव पाळत असतो. कोंडलेल्या जिवाची जबाबदारी कोंडणाऱ्याची. तिला इजा झाली तर तिची शुश्रूषा करणं हाही त्याच व्यवहाराचा भाग आहे, त्यात भूतदयेचा मोठेपणा काही नाही.

सकाळी खुराडं उघडावं आणि आत सगळ्या कोंबड्या मरून पडलेल्या दिसाव्यात, एखादी नेलेली, बाकीच्या नुसत्या मान मोडून टाकलेल्या. ज्यांनी हे पाहिलंय ते विसरू शकत नाहीत. मग तोंडातून शब्द येतात ते क्रूर, रक्ताला चटावलेला, नासधूस करणारा असे. राग समजण्यासारखा आहे, पण या प्रकारामागचं कारण समजून घेतलं तर पुढच्या रात्री काय करायचं ते कळतं. हान्स क्रूक या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९७२ मध्ये नेमक्या याच विषयावर शोधनिबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांच्या वसाहती आहेत. तिथे खोकड अगदी काळोख्या रात्री शिरून एकामागून एक पक्षी मारत जातं आणि बहुतेक तसेच टाकून देतं, हे त्याने नोंदवलं. चांदण्या रात्री असं होत नसे, कारण तेव्हा कुरव उडून जात. अंधाऱ्या रात्री ते जागचे हलत नसत. पूर्व आफ्रिकेतल्या ठिपक्यांच्या तरसांनी गझेल हरणांच्या कळपात केलेल्या अशाच संहाराचं वर्णनही त्या निबंधात आहे, आणि तीही रात्र काळोखी, वादळी होती.

क्रूकचा निष्कर्ष मला पटतो. शोधणं, पकडणं, मारणं आणि खाणं या शिकाऱ्याच्या अंगातल्या वेगवेगळ्या हालचाली आहेत. पोट भरलं की शोध थांबतो, पण समोर फडफडणारं भक्ष्य असेल तर पकडणं आणि मारणं थांबत नाही. जंगलात हे थांबवण्याची गरजच पडत नाही, कारण एकाला पकडेपर्यंत बाकीचे पसार झालेले असतात. शिकाऱ्याच्या शरीरात ‘आता पुरे’ म्हणणारी यंत्रणा नाही. ती यंत्रणा भक्ष्याच्या पळण्यात आहे. बंद खुराड्यात पळणं नाही, फक्त फडफड आहे, आणि ती फडफड प्रत्येक वेळी नवं आमंत्रण देते. हे समजल्यापासून रानमांजराचा राग करणं माझ्याकडून होत नाही. तिच्या पिल्लांचं पोट तिला भरायचं आहे. मला खुराड्याची फट बुजवायची आहे.

ती फट कुठे आहे हे शोधायचं तर हल्ल्यानंतर लगेच झाडलोट करू नये. मन घट्ट करून आधी नीट पाहावं, कारण प्रत्येक शिकारी आपली खूण ठेवून जातो. उघड्यावर एका जागी पिसांचा सडा पडलेला असेल आणि देह उरला असेल तर छातीचं मांस फाडलेलं असेल, तर बहुधा ससाणा, शिक्रा किंवा तसला शिकारी पक्षी. तो खायच्या आधी पिसं उपटतो. पाच-सहा कोंबड्या इथे-तिथे विखुरलेल्या, अंगभर चावे, चिखलात लोळवल्यासारख्या, पण खाल्लेलं काहीच नाही, हे बहुतेक वेळा कुत्र्याचं काम असतं, आणि ते कुत्रं रानटीच असेल असं नाही, कुणाचं तरी पाळलेलंही असू शकतं. अख्खी कोंबडीच नाहीशी आणि कुंपणापर्यंत पिसांची तुटक रेघ, म्हणजे कोल्हा किंवा खोकड. अंडी कवचासकट नाहीशी होत असतील तर साप किंवा घोरपड. फुटकी कवचं पडलेली असतील तर कावळा, मुंगूस, घूस. मुंगसाच्या काही जाती अंडं पुढच्या पायांत धरून मागच्या पायांमधून दगडावर भिरकावतात आणि फोडतात. पिल्लं रोज एक-एक कमी होत असतील आणि मागमूस नसेल, तर आभाळाकडे आणि घुशीच्या बिळाकडे दोन्हीकडे बघायचं. आणि एक गोष्ट वेगळी सांगून ठेवते. अंगावर एकही जखम नसताना एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर शिकारी शोधत बसू नका. तो रोग असू शकतो, बर्ड फ्लूही असू शकतो. उघड्या हातांनी त्यांना शिवू नये आणि पशुवैद्यकीय यंत्रणेला लगेच कळवावं.

शिकारी परत येतो. ज्याला एकदा वाट सापडली तो दुसऱ्या रात्री तीच वाट धरतो. त्यामुळे दुरुस्ती त्याच दिवशी उजेड असताना व्हायला हवी.

जाळीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त कोंबड्या चुकीच्या जाळीपायी जातात असं माझं मत झालं आहे. षटकोनी छिद्रांची जी पातळ तार सगळीकडे ‘कोंबड्यांची जाळी’ म्हणून मिळते, ती १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड यांनी कापड विणण्याच्या यंत्राच्या धर्तीवर तयार केली. कोंबड्या बाहेर जाऊ नयेत एवढ्यासाठी ती ठीक आहे. बाहेरच्याला आत येऊ न देणं हे तिचं काम नव्हे. कुत्रं तिला दातांनी फाडतं. उत्तर अमेरिकेतला रॅकून तिच्या छिद्रातून पंजा घालून जाळीला टेकून झोपलेली कोंबडी जागीच ओढतो. उंदीर तर तिच्यातून सरळ आत येतो. हवी ती अर्ध्या इंचाची, म्हणजे साधारण १२-१३ मिलिमीटर चौकटीची, सांधे वितळवून जोडलेली वेल्डेड जाळी. ती नुसती खिळ्यांनी नाही, तर पट्टी आणि स्क्रूने लाकडावर दाबून बसवावी. वीझलसारखा सडपातळ प्राणी दोन-अडीच सेंटिमीटरच्या भोकातून निघून जातो, हे ध्यानात ठेवून भिंतीचा प्रत्येक कोपरा, पत्र्याखालची फट, हवेसाठी ठेवलेली खिडकी तपासावी. हवा मात्र बंद करू नये. विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाने कोंबड्यांचे डोळे आणि श्वास दोन्ही खराब होतात. म्हणून खिडक्या ठेवायच्या, पण दांडीच्या वरच्या उंचीवर, आणि त्यांना हीच जाळी.

उकरून येणाऱ्यांसाठी एक साधी युक्ती आहे. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावून, भिंतीच्या मुळाशीच उकरायला सुरुवात करतं. तीन पावलं मागे जाऊन बोगदा काढावा असं त्याला सुचत नाही. म्हणून जाळीचा एक-दोन फुटांचा पट्टा भिंतीच्या पायाशी बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवा पसरून, दगड आणि माती टाकून दाबून ठेवायचा. गवत त्यातून उगवून येतं आणि पट्टा दिसेनासा होतो. उकरायला आलेलं जनावर त्याच्यावर नखं घासतं आणि निघून जातं. खणायला कठीण असलेल्या जमिनीत हे खोल चर मारण्यापेक्षा कितीतरी सोपं पडतं. कडी दोन हालचालींत उघडणारी असावी, नुसती फिरती पट्टी पुरत नाही.

दाणे रात्री खुराड्यात उघडे ठेवायचे नाहीत. दाण्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप आणि मुंगूस. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा हे खरं म्हणजे संरक्षणाचंच साधन आहे. उंदरांचं विष मात्र वापरू नका, हे मी कळकळीने सांगते. रक्त गोठू न देणारी ही विषं खाऊन उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावलेला फिरत राहतो, आणि त्याला घुबड खातं, धामण खाते, कधी कोंबडीच टोचून खाते. जे घुबड रात्रभर आपल्या आवारातले उंदीर कमी करत होतं, तेच आपण मारून बसतो.

विषाने किंवा फासाने शिकाऱ्याला संपवणं हा उपायच नव्हे. एक मुंगूस मारलं तर त्याची जागा रिकामी होते आणि लवकरच दुसरं तिथे येतं. फट होती तशीच राहते.

दिवसाचं संरक्षण वेगळं असतं, आणि त्यात कोंबड्या स्वतः पुष्कळ काही करतात. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. कोंबडा आवारात नुसता मिरवत नाही, तो सतत पाहत असतो. त्याचं एक ओरडणं आभाळातल्या शिकाऱ्यासाठी आहे. बारीक, लांब, उंच पट्टीतला सूर, नेमका कुठून आला ते ओळखणं कठीण जावं असा. दुसरं ओरडणं जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी आहे, तुटक, खणखणीत, वाढत जाणारं कटकटकटाक. क्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ मध्ये या दोन ओरडण्यांची ध्वनिमुद्रणं शिकारी समोर नसताना कोंबड्यांना ऐकवली. पहिला सूर ऐकून कोंबड्या आडोशाला धावल्या किंवा दबून बसल्या. दुसरा ऐकून त्या मान ताठ करून उभ्या राहिल्या आणि चहूकडे बघू लागल्या. म्हणजे त्या आवाजात नुसती भीती नाही, माहिती आहे. आसपास कोंबड्या असतील तर कोंबडा ही आरोळी जास्त देतो, एकटा असताना गप्प राहण्याकडे त्याचा कल असतो, हेही अभ्यासातून दिसलं आहे.

माझ्या आवारातला कोंबडा दाणे टिपताना मधूनच मान तिरकी करून एक डोळा आभाळाला लावतो. तो बहुतेक वेळा डावाच असतो. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिल्लू असं वळलेलं असतं की त्याचा उजवा डोळा कवचाकडे असतो आणि डावा अंगाखाली झाकलेला. उजव्या डोळ्याला कवचातून झिरपणारा उजेड मिळतो, डाव्याला मिळत नाही, आणि त्यातून मेंदूच्या दोन बाजूंची कामं वाटली जातात. उजव्या डोळ्याने खड्यातून दाणा निवडायचा, डाव्याने शिकाऱ्यावर नजर ठेवायची. दोन्ही कामं एकाच वेळी.

या शहाणपणाला आपण जागा करून द्यायची असते. कोंबडा ‘घार!’ म्हणाला आणि आवार उघडंबोडकं असेल तर कोंबडी धावणार कुठे? दाट झुडपं, खाली शिरता येईल असा लाकडी पाट, टेकवून ठेवलेला पत्रा, कुठूनही पाच-सहा ढांगांत गाठता येईल असा आडोसा हवा. पिल्लांवर मोठी होईपर्यंत वरून जाळी हवीच. खुडूक कोंबडी पिल्लांसाठी घारीच्या अंगावर जाते, मी पाहिलं आहे, पण तिच्या धैर्यावर सगळं सोडून देणं बरं नाही. जिथे मोठं रान आणि मोठे शिकारी असतात तिथे राखणीची कुत्री उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियात वॉर्नामबूलजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी खोकडं चालत जाऊन छोट्या पेंग्विनांचा फडशा पाडत. २००५ पर्यंत तिथे दहासुद्धा पेंग्विन उरले नव्हते. २००६ पासून तिथे मरेमा जातीची कुत्री राखणीला ठेवली गेली आणि पेंग्विन सावरले. ही कल्पना सुचवणारा माणूस शेतकरी होता. तो त्याच कुत्र्यांच्या भरवशावर आपल्या मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या राखत असे.

एवढं सगळं करूनही एखादा दिवस येतोच.

आमच्या तांबडी कोंबडीवर मुंगसाने झडप घातली ती भरदुपारी, झुडपांच्या कडेला. कोंबड्याचा कटकटाट ऐकून आम्ही धावलो तेव्हा मुंगसाने तिला सोडलं होतं आणि ती कुठेच दिसत नव्हती. पिसं पडली होती, थोडं रक्त होतं. जखमी कोंबडी ओरडत नाही. ती सगळ्यात अंधाऱ्या सांदीत शिरते आणि मुकी होते, कारण दुबळं दिसणं म्हणजे पुन्हा शिकार होणं. ती लाकडांच्या ढिगामागे सापडली, डोळे अर्धे मिटून, पिसं फुगवून. आईने टॉवेल टाकून तिला अलगद उचललं आणि मला म्हणाली, “आधी जखम बघू नकोस. आधी तिला शांत होऊ दे.”

आईचं ते म्हणणं अगदी बरोबर होतं. अशा वेळी जखमेच्या आधी धक्का जीव घेतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असतं. धक्क्यात ते झपाट्याने उतरतं. वाहतं रक्त असेल तर स्वच्छ कापडाने ते काही मिनिटं सलग दाबून धरावं, दर वेळी उचलून बघू नये. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगात पेलाभरसुद्धा रक्त नसतं, त्यामुळे थोडं वाटणारं रक्तही थोडं नसतं. ते थांबलं की तिला खोक्यात मऊ कापडावर, अंधारात, उबेत ठेवायचं. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूला पुरते, म्हणजे फार गरम झालं तर तिला सरकता येतं. आणि तिला धरताना छाती आवळायची नाही. आपल्याला श्वासासाठी जसा छाती-पोटामधला पडदा असतो तसा पक्ष्यांना नसतो. छातीचं हाड हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. प्रेमाने घट्ट कवटाळलेली कोंबडी त्या प्रेमानेच गुदमरू शकते.

पाणी पाजायची घाई सगळ्यांनाच होते. तोंड उघडून पाणी ओतू नये, कारण जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा. ती गिळेल, मग दुसरा. दुसऱ्या-तिसऱ्या थेंबानंतर तांबडीने मान वर करून गिळलं तेव्हा मला पहिल्यांदा आशा वाटली.

जखम मानेच्या मागे आणि पाठीवर होती. वरून दिसली त्याहून मोठी. हे नेहमीचंच आहे, पिसांखाली काय आहे ते पिसं बाजूला केल्याशिवाय कळत नाही. भोवतालची पिसं कात्रीने कापावीत, उपटू नयेत. उपटताना कातडी फाटते, आणि नुकत्या फुटलेल्या कोवळ्या पिसाच्या दांडीत रक्त असतं, ती तुटली तर नवा रक्तस्राव सुरू होतो. मग धुणं. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातलं की शरीराच्या द्रवाशी जुळणारं पाणी तयार होतं. ते सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर सोडत राहायचं, माती, कचरा, पिसांचे तुकडे वाहून जाईपर्यंत. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा ओतण्याची सवय अनेकांना असते. त्या फेसाने जंतूंबरोबर नव्याने भरून येणारी कातडीही मरते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवायचा. पंखाचं खांद्याजवळचं हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या हवापिशवीशी जोडलेलं असतं. ते मोडून उघडं पडलं असेल तर तिथे पाणी मारायचं नाही. ते पाणी थेट श्वसनमार्गात जातं. तसली जखम ओल्या स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरांकडे न्यायची.

आम्ही तांबडीला त्याच संध्याकाळी पशुवैद्यांकडे नेलं. जखमेपेक्षा दातांची भोकं त्यांनी जास्त वेळ तपासली. मांसाहारी जनावराचे, विशेषतः मांजराचे, दात बारीक आणि तोंडात जंतू भरपूर. कातडीवर टिंब दिसतं आणि आत खोलवर जंतू पेरलेले असतात. प्रतिजैविक सुरू करायचं तर ते लवकर, आणि कोणतं, किती, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या किंवा बधिर करणारं औषध मिसळलेली मलमं आपल्या मनाने देऊ नयेत. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही त्यांना विचारून घ्यायचं.

पुढचे दिवस खोक्याजवळचे. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही, तो घट्ट, चुरा होणारा असतो आणि आतल्या आत गोळा होऊन बसतो. म्हणून जखम ‘पिकून फुटेल’ याची वाट बघण्यात अर्थ नसतो. बोटाने रोज चाचपायचं, कुठे टणक लागतं का बघायचं. वास घ्यायचा. आणि माश्या. उन्हाळ्या-पावसाळ्यात माशीने जखमेवर घातलेल्या अंड्यांतून दिवसाच्या आत अळ्या निघतात, त्या पिसांच्या आड दिसत नाहीत. खोक्यावर बारीक मच्छरदाणीचं कापड ताणून लावावं आणि सकाळ-संध्याकाळ उजेडात पिसं उलटी करून पाहावं. खायला उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, आणि ते पुन्हा घडवायला प्रथिनच लागतं. उपटली गेलेली पिसं काही आठवड्यांत परत येतात. मधूनच तुटलेली किंवा कापलेली पिसं मात्र पुढच्या पानगळीसारख्या पीसगळीपर्यंत तशीच राहतात.

कोंबडीच्या कातडीला भरून येण्याची जी ताकद आहे ती पाहून मी थक्क होते. तांबडीच्या पाठीवर तळहाताएवढी कातडी नव्हती. कडांनी गुलाबी पापुद्रा रोज थोडा आत सरकत गेला, मध्ये खपली धरली, आणि एके दिवशी खपलीखालून निळसर काड्या वर आल्या. ती नवी पिसं होती.

सगळ्याच अशा वाचत नाहीत. कुत्र्याने धरलेली आमची एक कवडी कोंबडी अंगावर दोन बारीक भोकं घेऊन आली होती. ती बसली होती ताठ, पण श्वास घेताना शेपटी वर-खाली होत होती आणि कातडीखाली हवा भरून फुगवटा आला होता. दातांनी हवापिशवी फाटली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि आम्ही तिला त्यांच्या हातून शांतपणे जाऊ दिलं. खाणंपिणं सुटलं, उभं राहता येत नाही, श्वासाला त्रास आहे आणि त्यात काही फरक पडत नाही, अशा वेळी तिला ओढत ठेवणं हे तिच्यासाठी नसतं, आपल्यासाठी असतं. हा निर्णय लांबवू नये असं मला मनापासून वाटतं.

बरी झालेली कोंबडी परत कळपात सोडणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. थॉरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला टोचण्याची उतरंड जगासमोर मांडली. कोण कुणाला टोचू शकते, दाण्यावर कुणाचा हात आधी, हे प्रत्येक कळपात ठरलेलं असतं. एखादी काही आठवडे दिसली नाही की तिची जागा भरली जाते, आणि परत आल्यावर ती परकी ठरते. शिवाय लाल रंग दिसला की कोंबड्या टोचतात, उघडी जखम असेल तर टोचून टोचून मारतातही. म्हणून जखम कातडीने पुरती झाकेपर्यंत सोडायचं नाही, पण नजरेआडही ठेवायचं नाही. आम्ही तांबडीचा पिंजरा दिवसा आवारातच ठेवायचो, जाळीपलीकडून तिला बाकीच्या दिसतील, ऐकू येतील असा. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, तिला उचलून त्यांच्या मध्ये बसवलं. अंधारात कुणी भांडायला उठत नाही, आणि सकाळी ती आधीपासूनच तिथे असते.

तरी सकाळी टोचाटोची झाली. पूर्वी तांबडी वरच्या तीन-चारांत होती, आता तिच्याहून लहान तलंगाही तिला दाण्यावरून हुसकावू लागल्या. मध्ये पडून उपयोग नसतो, ती उतरंड त्यांनाच पुन्हा मांडावी लागते. रक्त निघेपर्यंत गोष्ट जात नाही ना एवढं बघायचं. मी दाण्याची आणि पाण्याची दुसरी भांडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, मध्ये एक पाट आडवा लावला, म्हणजे एकीकडून हुसकावलं तर दुसरीकडे तिला पोटभर खाता येईल आणि हुसकावणारीच्या नजरेआड होता येईल. आठवड्याभरात तलंगा निवळल्या. तांबडी अजून मधल्या फळीत आहे, दुसऱ्या भांड्यावर आधी जाते आणि तिथे मात्र कुणाला जवळ येऊ देत नाही.